विलिजचे इंजिन : टोलेडो ते माझगाव

१९०७ सालचा हिवाळा अमेरिकेतल्या मोटारधंद्याला जड गेला. ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या बँका डळमळल्या, बाजारात रोकड मिळेनाशी झाली आणि नुकतेच सुरू झालेले मोटारींचे कारखाने एकामागून एक अडचणीत आले. न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावचा जॉन नॉर्थ विलिज हा मोटारविक्रेता काळजीत होता. इंडियानापोलिसच्या ओव्हरलँड कंपनीकडे त्याने पाचशे गाड्या नोंदवल्या होत्या, दहा हजार डॉलरचा इसारही दिला होता. गाड्या मात्र येत नव्हत्या. शेवटी तो स्वतःच आगगाडीने इंडियानापोलिसला जाऊन धडकला. कामगारांना दिलेले पगाराचे धनादेश वटण्यापुरतेही पैसे कंपनीच्या खात्यात नव्हते, साडेतीनशे डॉलर कमी पडत होते. विलिज ज्या हॉटेलात उतरला होता, तिथल्या कारकुनाला गळ घालून त्याने रातोरात ही रक्कम उभी केली, अशी हकिकत सांगितली जाते.

इसार वाचवायला गेलेला हा माणूस कारखान्याचाच मालक झाला. जागा अपुरी पडली तेव्हा त्याने चक्क सर्कशीचा तंबू आणून ठोकला आणि त्याखाली गाड्या जुळवल्या. १९०८ मध्ये ४६५ गाड्या निघाल्या, पुढच्या वर्षी चार हजारांवर. १९०९ मध्येच विलिजने ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरातला पोप-टोलेडो कंपनीचा मोठा कारखाना विकत घेतला आणि ओव्हरलँडचा संसार तिकडे हलवला. १९१२ मध्ये कंपनीचे नाव विलिज-ओव्हरलँड झाले. त्यानंतरची सहा-सात वर्षे अमेरिकेत हेन्री फोर्डच्या खालोखाल गाड्या याच कंपनीच्या खपत होत्या.

विक्रेता असल्यामुळे गिऱ्हाइकाला काय खुपते हे विलिजला ठाऊक होते. त्या काळच्या इंजिनांचा खडखडाट फार. व्हॉल्व्ह उघडमीट करताना होणारा टकटक आवाज बसणाऱ्यांना नकोसा होई. यावर चार्ल्स येल नाइट या माणसाने उपाय शोधला होता. नाइट मूळचा दुग्धव्यवसायावरच्या नियतकालिकाचा प्रकाशक. स्वतःच्या गाडीच्या आवाजाला वैतागून त्याने व्हॉल्व्हच काढून टाकायचे ठरवले. त्याच्या इंजिनात सिलिंडर आणि पिस्टन यांच्यामध्ये एकात एक बसणाऱ्या दोन नळ्या वरखाली सरकतात. नळ्यांना खाचा असतात. त्या समोरासमोर आल्या की पेट्रोल-हवेचे मिश्रण आत येते किंवा जळलेला वायू बाहेर जातो. ना स्प्रिंग, ना टकटक. इंग्लंडमध्ये डेमलर कंपनीने हे इंजिन आधीच स्वीकारले होते. विलिजने त्याचा परवाना असलेली एक कंपनी विकत घेतली आणि विलिज-नाइट गाड्या काढल्या. त्या १९३३ पर्यंत बनत राहिल्या.

या इंजिनाची एक खोड होती. नळ्यांना सतत वंगण लागे, त्यामुळे ते ऑइल खाई आणि मागे निळसर धूर सोडत जाई. पण साध्या इंजिनात जो कार्बन साठला की व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत, तोच कार्बन इथे नळ्यांच्या फटी बुजवून त्यांची बसण घट्ट करी. वापराने हे इंजिन सुधारत जाते, असे विक्रेते सांगत आणि त्यात तथ्य होते.

पहिल्या महायुद्धानंतर विलिजवर कर्जाचा डोंगर झाला. १९१९ मध्ये टोलेडोत मोठा संप झाला, पाठोपाठ मंदी आली. बँकांनी १९२० मध्ये कारभार सुधारण्यासाठी वॉल्टर क्रायस्लर याला आणले, तेही वर्षाला दहा लाख डॉलर पगारावर. क्रायस्लरने खर्चाला कात्री लावली. फ्रेड झेडर, ओवेन स्केल्टन आणि कार्ल ब्रीअर हे तीन इंजिनिअर त्याच्या दिमतीला सहा सिलिंडरच्या नव्या गाडीवर राबत होते. ती गाडी विलिजच्या नावाने कधीच निघाली नाही. क्रायस्लर बाहेर पडला, हे तिघेही त्याच्याकडे गेले आणि त्यांनी घडवलेली ‘क्रायस्लर सिक्स’ १९२४ मध्ये बाजारात आली. अमेरिकेतली आणखी एक बलाढ्य मोटार कंपनी अशी विलिजच्या पडत्या काळातून उभी राहिली.

विलिजच्या हाती उरले ते एक लहान, साधे इंजिन.

१९२६ मध्ये कंपनीने ‘व्हिपेट’ नावाची छोटी, स्वस्त गाडी काढली. तिच्या चार सिलिंडरच्या इंजिनाचा बोअर सव्वातीन इंचांहून जरा कमी, म्हणजे ३ १/८ इंच आणि स्ट्रोक ४ ३/८ इंच. एकूण १३४ घनइंच, आजच्या हिशेबाने २.२ लिटर. बोअर अरुंद आणि स्ट्रोक लांब असला की इंजिन फार वेगाने फिरत नाही, पण कमी फेऱ्यांतही ओढ चांगली देते. चढावर, चिखलात, भरल्या गाडीत हीच ओढ कामाला येते. त्या वेळी कुणी इतका विचार केला नसेल, गाडी परवडणारी हवी एवढीच गरज होती. पुढच्या मंदीत कंपनी दिवाळखोरीत गेली. १९३३ मध्ये न्यायालयाच्या देखरेखीखाली तिने ‘विलिज ७७’ काढली, तेव्हाही त्याच मापाचे, ४८ अश्वशक्तीचे इंजिन वापरले. स्वतः विलिज १९३५ मध्ये वारला. मधल्या काळात तो पोलंडमध्ये अमेरिकेचा पहिला राजदूतही होऊन आला होता.

१९३८ मध्ये स्टुडबेकरचा अनुभवी इंजिनिअर डेल्मर ‘बार्नी’ रूस टोलेडोत आला. नवे इंजिन घडवायला कंपनीकडे पैसे नव्हते. जुने इंजिन पूर्ण वेगाने फार वेळ चालवले की मान टाकत होते. रूसने तेच हाती घेतले आणि त्याचा एकेक दोष निपटत गेला. ओतीव लोखंडी पिस्टनच्या जागी ॲल्युमिनियमचे हलके पिस्टन आले, बेअरिंग सुधारली, धातू अधिक चिवट घेतले, सुट्या भागांची मापे काटेकोर केली. बाहेरून इंजिन होते तसेच दिसत होते. आतून ते ६० अश्वशक्ती देऊ लागले आणि मिनिटाला चार हजार फेऱ्या तासन्‌तास सोसू लागले. याच इंजिनाला पुढे ‘गो-डेव्हिल’ हे नाव पडले.

त्याची रचना कुठल्याही गावातल्या मिस्त्रीला उमजेल इतकी सरळ होती. मिश्रण आत घेणारा आणि जळलेला वायू बाहेर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच बसवलेले. त्यामुळे वरचे हेड म्हणजे जवळजवळ एक सपाट झाकण. नट काढले, झाकण उचलले की चारही पिस्टनचे माथे आणि आठही व्हॉल्व्ह समोर उघडे. कार्बन खरवडायचा, व्हॉल्व्ह घासून बसवायचे, नवे पॅकिंग ठेवायचे आणि नट पुन्हा आवळायचे. झाडाखाली, हातातल्या चार पान्यांनी होणारे काम.

रूसच्या मेहनतीचे चीज लवकरच झाले. युरोपात महायुद्ध पेटले होते. जुलै १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने १३५ उत्पादकांना पत्रे पाठवून चारही चाके ओढणारी हलकी टेहळणी गाडी मागितली. नमुना ४९ दिवसांत हवा होता. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची छोटीशी अमेरिकन बँटम कंपनी आणि विलिज या दोघांनीच तयारी दाखवली. कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरने बँटमसाठी आराखडा काढला आणि २३ सप्टेंबरला त्यांची गाडी मेरीलँडमधल्या होलाबर्ड छावणीच्या फाटकात वेळेत उभी राहिली. या गाडीचे पहिले श्रेय बँटमचेच आहे. मात्र एवढी लहान कंपनी हजारोंनी गाड्या पुरवू शकेल, असा भरवसा सैन्याला वाटला नाही. बँटमचा आराखडा विलिज आणि फोर्ड यांना दाखवण्यात आला आणि नोव्हेंबरात दोघांनीही आपापले नमुने आणले.

विलिजचा नमुना ताकदीत सरस निघाला. बँटम आणि फोर्डची इंजिने ४५ अश्वशक्तीच्या आसपास घुटमळत होती, रूसचे ६० देत होते. अडचण वजनाची होती. सैन्याने मर्यादा वाढवून २,१६० पौंड, म्हणजे सुमारे ९८० किलोंवर नेली, तरी विलिजची गाडी तिच्या बरीच वर होती. हलके इंजिन घातले असते तर प्रश्न मिटला असता. रूसने इंजिनाला हात लावू दिला नाही. त्याने गाडी पार सुटी केली आणि एकेक भाग तराजूत घातला. बोल्ट गरजेपुरतेच लांब ठेवले, जाड पत्र्याच्या जागी पातळ पण मजबूत पत्रा घेतला आणि रंगाचा दुसरा हात देणेही टाळले, असे सांगतात. वजन मर्यादेत बसले. जुलै १९४१ मध्ये सोळा हजार गाड्यांचे कंत्राट विलिजला मिळाले, एका गाडीची किंमत ७३९ डॉलरच्या आसपास.

मागणी इतकी वाढली की फोर्डलाही विलिजच्याच आराखड्यावर, गो-डेव्हिल इंजिनासकट, या गाड्या, म्हणजेच जीप, बनवाव्या लागल्या. फोर्डने आपल्या गाड्यांच्या बोल्टवरसुद्धा ‘एफ’ अक्षर उमटवले. जुन्या जीपचे शौकीन आजही ते शोधतात. युद्ध संपेपर्यंत विलिजने सुमारे ३ लाख ६० हजार आणि फोर्डने सुमारे २ लाख ८० हजार जीप बनवल्या. बँटमच्या वाट्याला मुख्यतः जीपमागे जोडायच्या ट्रेलरचे काम आले. जीप आपणच निर्माण केली, अशी जाहिरात विलिजने सुरू केली तेव्हा अमेरिकेच्या व्यापार आयोगाने आक्षेप घेतला आणि १९४८ मध्ये तो दावा करण्यास मनाई केली. ‘जीप’ या नावाचा व्यापारचिन्ह म्हणून हक्क मात्र १९५० मध्ये विलिजलाच मिळाला.

या कथेचा महाराष्ट्राशी धागा युद्धकाळातच जुळला. कैलाशचंद्र महिंद्रा तेव्हा वॉशिंग्टनमध्ये भारताच्या पुरवठा मंडळाचे प्रमुख होते. तिथे त्यांची बार्नी रूसशी गाठ पडली. खडबडीत रस्त्यांच्या आणि रस्ते नसलेल्याही देशाला ही गाडी किती उपयोगाची आहे, हे त्यांनी ओळखले. १९४५ मध्ये त्यांनी बंधू जगदीशचंद्र आणि मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. त्याआधीच, १९४७ मध्ये, अमेरिकेहून सुट्या भागांच्या रूपात ७५ जीपची पहिली खेप मुंबईत आली. बंदराला लागून असलेल्या माझगावात त्या जुळवल्या जाऊ लागल्या.

मुंबईला असे काम नवे नव्हते. शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ मध्येच जुळणीचा कारखाना काढला होता. स्वातंत्र्याच्या सुमारास वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज आणि प्लिमथ बांधायला घेतल्या. म्हणजे माझगावात विलिजची जीप आणि कुर्ल्यात, एकेकाळी विलिजच्या पगारावर असलेल्या क्रायस्लरच्या गाड्या. टोलेडोत फुटलेल्या दोन वाटा मुंबईत काही मैलांच्या अंतरावर येऊन थांबल्या होत्या.

टोलेडोत रूसने इंजिन आणखी सुधारले. १९५० च्या ‘हरिकेन’ इंजिनात बोअर आणि स्ट्रोक तेच राहिले, पण मिश्रण आत घेणारे व्हॉल्व्ह ब्लॉकमधून उचलून वर हेडमध्ये नेले. त्यामुळे सिलिंडरला श्वास मोकळा मिळाला आणि ताकद ७० अश्वशक्तीच्या पुढे गेली. मात्र इंजिनाची उंचीही वाढली आणि ते जुन्या बॉनेटखाली मावेना. म्हणून १९५३ च्या ‘सीजे-३बी’ जीपचे बॉनेट उंच केले गेले. अमेरिकेत तिचे रूप काहींना बोजड वाटले. भारतात मात्र जीप म्हटले की हेच रूप डोळ्यांपुढे येते, कारण १९५४ मध्ये विलिजशी करार करून महिंद्रांनी टप्प्याटप्प्याने इथे बनवायला घेतलेली गाडी हीच. तहसीलदाराच्या दारात, पोलीस ठाण्यात, जंगलखात्याच्या नाक्यावर आणि धरणाच्या कामावर उभी असायची ती हीच उंच कपाळाची जीप. अमेरिकेत सीजे-३बी १९६८ मध्ये बंद झाली. आपल्याकडे तिचा वंश त्यानंतर कित्येक दशके चालला.

पेट्रोल महागले तसे हरिकेनचे दिवस भरले. जीपमध्ये आधी ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन आले, मग पेजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्यावर इगतपुरीत बनणारे २.१ लिटरचे डिझेल आले. याच सांगाड्याची लांब भावंडे पुढे पश्चिम महाराष्ट्रात वडापला, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीला, लागली आणि पाठीमागे लोंबकळणाऱ्या उतारूंसह बाजारच्या गावांना धावू लागली.

टोलेडोतली मूळ कंपनी १९५३ मध्ये कायझर कंपनीने घेतली, दहा वर्षांनी विलिजचे नाव पाटीवरून उतरले. मग अमेरिकन मोटर्स आणि १९८७ मध्ये क्रायस्लर मालक झाली. ज्याला विलिजने नोकरीला ठेवले होते, त्याच्याच नावाच्या कंपनीकडे विलिजचा वारसा गेला. आज ‘स्टेलँटिस’ समूहात असलेला हा ब्रँड पुण्याजवळच्या रांजणगावात २०१७ पासून जीप कंपास बनवतो.

२०१८ मध्ये महिंद्रांनी ‘रॉक्सर’ नावाची रानावनात हिंडायची गाडी अमेरिकेत आणली. तिचे सुटे भाग भारतातून पेट्यांत भरून जात आणि मिशिगनमधल्या ऑबर्न हिल्स इथे जुळवले जात, म्हणजे माझगावातली जुळणी आता उलट दिशेने सुरू झाली होती. तिचे रूप आमच्या जीपसारखे आहे, अशी तक्रार जीपच्या मालकांनी केली. २०२० मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने ती मान्य केली आणि रॉक्सरचा चेहरा बदलावा लागला.

टोलेडोत जीप आजही बनतात, शहरातल्याच दुसऱ्या कारखान्यात. विलिजचा जुना कारखाना या शतकाच्या पहिल्या दशकात पाडून टाकला. त्यातले विटांचे एकच उंच धुराडे मुद्दाम राखले आहे. त्यावर वरून खाली विटांतच अक्षरे बसवलेली आहेत : ओव्हरलँड.