टाळ्या कुणासाठी?

२५ जून १९८३ची रात्र. रमजानचे दिवस होते. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा असेन. तरावीहची नमाज आटोपून मशिदीतून बाहेर पडलेली माणसं घरी न जाता पानपट्टीपुढे थांबली होती. तिथे फळीवर रेडिओ ठेवलेला होता. लॉर्ड्सवर विश्वचषकाचा अंतिम सामना चालू होता. भारताचा डाव १८३ धावांत आटोपल्याचं कळल्यावर थोरल्या मंडळींनी आशा सोडली होती, पण रेडिओ मात्र कुणी सोडला नव्हता. कपिलदेवने मागे धावत जाऊन रिचर्ड्सचा झेल घेतला होता आणि मग एकेक गडी बाद होत गेला. शेवटी मोहिंदर अमरनाथने होल्डिंगला पायचीत केलं, वेस्ट इंडिज १४० धावांत गारद झाली आणि आमच्या गल्लीत एकच गलका उठला. सहरीसाठी दारं वाजवत फिरणाऱ्या माणसाला त्या रात्री कुणाला उठवावंच लागलं नाही. सगळे जागेच होते.

सोमवारी शाळेत गेलो. शेजारच्या बाकावरच्या मुलाने मला विचारलं, ‘काय रे, परवा तुमच्या मोहल्ल्यात कुणाच्या बाजूने होते?’ तो वाईट मुलगा नव्हता. प्रश्न त्याचा नव्हताच, कुठूनतरी मोठ्यांच्या बोलण्यातून त्याने उचललेला होता. ‘आपल्याच,’ एवढंच मी म्हणालो. पण आपल्याला हे विचारावं असं याला का वाटलं, हा काटा मनात राहिला. माणूस कुणासाठी टाळ्या वाजवतो, यावरून तो कुणाचा हे ठरवायचं असतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पुढे पुष्कळ वर्षांनी फुटबॉलची एक जुनी हकिकत वाचनात आली आणि तो काटा थोडा सैल झाला. तीच हकिकत आज सांगणार आहे. दुबळ्या संघाने बलाढ्य संघाला हरवल्याच्या गोष्टी आपण नेहमी जिंकणाऱ्याच्या बाजूने सांगतो. ही गोष्ट मला सांगायची आहे ती प्रेक्षकांच्या बाजूने.

१९६६ साली फुटबॉलचा विश्वचषक इंग्लंडमध्ये भरला होता. संघ होते सोळा. आफ्रिका, आशिया आणि ओशनिया या तिन्ही खंडांना मिळून त्यांत फक्त एक जागा ठेवलेली होती. आफ्रिकेतल्या देशांनी या अन्यायाविरुद्ध स्पर्धेवर बहिष्कार टाकला. दक्षिण कोरियानेही माघार घेतली. उरले दोनच, ऑस्ट्रेलिया आणि उत्तर कोरिया. त्यांचे सामने १९६५च्या नोव्हेंबरमध्ये कंबोडियात, नॉम पेन्हला झाले. दोन्ही परक्या संघांना पाठिंबा मिळावा म्हणून तिथले राज्यप्रमुख सिहानुक यांनी निम्म्या प्रेक्षकांनी एका संघाला आणि निम्म्यांनी दुसऱ्याला प्रोत्साहन द्यावं असं फर्मान काढलं होतं, असं सांगतात. टाळ्यासुद्धा वाटून दिलेल्या! उत्तर कोरियाने हे सामने ६-१ आणि ३-१ असे जिंकले आणि त्यांचं इंग्लंडला जाणं ठरलं.

इथे ब्रिटिश सरकारची पंचाईत झाली. उत्तर कोरिया या देशाला ब्रिटनची मान्यताच नव्हती. कोरियन युद्धात हजाराहून अधिक ब्रिटिश सैनिक मारले गेले होते आणि त्या युद्धाची शस्त्रसंधी होऊन तेव्हा फक्त तेरा वर्षं झाली होती. ज्या देशाला आपण देश मानत नाही, त्याचं राष्ट्रगीत आपल्या भूमीवर कसं वाजवायचं? खेळाडूंना व्हिसा द्यावा की नाही, इथपर्यंत खल झाला. शेवटी तोड निघाली ती अशी : राष्ट्रगीतं फक्त उद्घाटनाच्या आणि अंतिम सामन्याला वाजवायची. उत्तर कोरिया अंतिम फेरीपर्यंत जाणार नाही, हे जणू सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं.

त्यांचे गटातले तिन्ही सामने मिडल्सब्रो या गावी ठेवले होते. ईशान्य इंग्लंडमध्ये टीज नदीच्या काठी वसलेलं हे पोलादाचं आणि रसायनांचं गाव. सिडनीच्या बंदरावरचा तो प्रसिद्ध कमानीचा पूल बांधला, ती डॉर्मन लाँग कंपनी इथलीच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इथे चार-दोन शेतघरांपलीकडे काही नव्हतं. मग भट्ट्या पेटल्या आणि आयर्लंडहून, वेल्सहून, कुठून कुठून पोटासाठी माणसं आली. बाहेरून आलेल्यांनीच वसवलेलं गाव ते. १९६६च्या उन्हाळ्यात गावकरी जरा खट्टू होते. कारण त्यांचा लाडका मिडल्सब्रो क्लब त्याच वर्षी घसरून पहिल्यांदाच तिसऱ्या श्रेणीत जाऊन पडला होता.

अशा गावात हे कोरियन खेळाडू येऊन उतरले. अंगाने लहानखुरे, भाषा कळत नाही, एकाचंही नाव कुणाला ठाऊक नाही. त्यांचा गोलरक्षक ली चान-म्युंग तर अवघा एकोणीस वर्षांचा. १२ जुलैला पहिल्या सामन्यात सोव्हिएत संघाने त्यांना ३-० असं हरवलं. पण त्या सामन्यात गावकऱ्यांनी काही गोष्टी पाहिल्या. ही पोरं थकत नव्हती. मार खाऊनही रडीचा डाव खेळत नव्हती. चेंडू मिळाला की बचाव करत बसण्याऐवजी पुढे धावत होती. आणि त्यांचा सदरा लाल होता. मिडल्सब्रो क्लबचा रंगही लालच.

१५ जुलैला चिलीविरुद्धच्या सामन्यात ते एका गोलने मागे होते. सामना संपायला दोनच मिनिटं उरली असताना पाक सुंग-जिनने गोल करून बरोबरी साधली. एअरसम पार्क हे मैदान असं दुमदुमलं की घरच्याच संघाने गोल केला असावा. त्या संध्याकाळपासून हा संघ मिडल्सब्रोचा झाला. फर्मान कुणी काढलं नव्हतं.

मग उजाडली १९ जुलै. समोर इटली. दोन वेळा विश्वचषक जिंकलेला देश. संघात माझोला, रिव्हेरा, फाकेत्ती असे खेळाडू, ज्यांची नावं युरोपभर झालेली. इटलीला पुढच्या फेरीत जायला बरोबरीही पुरत होती. पहिल्या अर्ध्यातच इटलीचा बुल्गारेल्ली एका झटापटीत गुडघा दुखावून बाहेर गेला. त्या काळी विश्वचषकात बदली खेळाडू घेण्याची मुभा नव्हती, ती १९७० साली आली. म्हणून इटलीला उरलेला सामना दहा जणांनिशी खेळावा लागला. हे सांगायला हवं. दुबळ्याच्या विजयात नशिबाचा वाटा असतो, तो झाकून ठेवला तर ती गोष्ट खोटी होते. पण दहा जणांचा इटलीसुद्धा कोरियापेक्षा भारी मानला गेला असता, हेही तितकंच खरं.

मध्यंतराला तीन-चार मिनिटं होती. परत आलेला चेंडू एका कोरियन खेळाडूने डोक्याने पुढे ढकलला. पाक दू-इक त्यावर धावला आणि त्याने उजवीकडून जमिनीलगत तिरका फटका मारला. गोलरक्षक आल्बेर्तोसीने झेप घेतली, पण चेंडू त्याच्या हाती लागला नाही. उरलेला सगळा वेळ इटली चाल करून येत राहिली, तो एकोणीस वर्षांचा पोरगा चेंडू अडवत राहिला आणि अठरा हजारांच्या आसपास माणसं घसा फोडून ओरडत राहिली. सामना १-० असाच संपला. दुसऱ्या दिवशी सोव्हिएत संघाने चिलीला हरवलं आणि उत्तर कोरिया उपउपांत्य फेरीत गेला. विश्वचषकात सामना जिंकणारा आणि गटफेरी ओलांडणारा तो आशियातला पहिला संघ.

इटलीत काय झालं? संघ रात्रीच्या वेळी जिनोआच्या विमानतळावर उतरला, तरी तिथे लोक सडके टोमॅटो घेऊन हजर होते. ‘कोरिया’ हा शब्दच तिथल्या बोलीत नामुष्कीसाठी वापरला जाऊ लागला. पाक दू-इक हा दंतवैद्य असल्याची एक कथाही तिथे पसरली. तो दंतवैद्य नव्हता. पण अनोळखी माणसाकडून हरल्यावर, निदान त्याचा धंदा तरी कळावा असं वाटत असणार.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. २३ जुलैला उपउपांत्य फेरी होती. उत्तर कोरियाची गाठ पोर्तुगालशी, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर. त्याच दुपारी, त्याच वेळेला लंडनमध्ये वेम्बलीवर खुद्द इंग्लंड अर्जेंटिनाविरुद्ध खेळत होतं. आणि मिडल्सब्रोहून सुमारे तीन हजार माणसं कुठे गेली? लिव्हरपूलला, कोरियाला हाक द्यायला! आपल्या देशाचा सामना चालू असताना ही माणसं, आपल्या सरकारने मान्यता न दिलेल्या, तेरा वर्षांपूर्वी आपल्याच सैन्याशी लढलेल्या देशाच्या पोरांसाठी ओरडत होती. त्यांतल्या काहींच्या घरचं कुणी त्या युद्धात गेलेलंही असेल. पण त्यांना राजवट आणि खेळाडू यांच्यातला फरक कळत होता. ती राजवट किती कठोर होती, हे जगाला माहीत होतं. तिथल्या सत्ताधाऱ्यांनी या विजयाचा आपल्या कीर्तीसाठी उपयोग केला असणार हेही उघड आहे. मिडल्सब्रोच्या कामगारांनी त्या सत्तेसाठी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. आपल्यासमोर धावणाऱ्या अकरा पोरांसाठी वाजवल्या होत्या.

लिव्हरपूलला पहिल्या पंचवीस मिनिटांत कोरियाने तीन गोल केले. ३-०! मैदानावरचा फलक वाचूनही लोकांना खरं वाटेना. पण पोर्तुगालकडे युसेबिओ होता. त्याने एकट्याने चार गोल केले आणि पोर्तुगाल ५-३ असा जिंकला. तीन गोलांची आघाडी कशी सांभाळावी हे कोरियाला ठाऊक नव्हतं, ते पुढेच धावत राहिले. आणखी एक गंमत पाहा. युसेबिओ मूळचा मोझांबिकचा, म्हणजे आफ्रिकेतला. त्याची जन्मभूमी तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात होती. ज्या आफ्रिकेने बहिष्कार टाकल्यामुळे कोरियाची वाट मोकळी झाली होती, त्याच आफ्रिकेच्या पुत्राने ती अडवली.

आठवड्याने, ३० जुलैला इंग्लंडने पश्चिम जर्मनीला हरवून विश्वचषक जिंकला. मिडल्सब्रोत तेव्हा आनंद कमी झाला असेल का? मुळीच नाही. कोरियासाठी टाळ्या वाजवल्याने इंग्लंडसाठी वाजवायच्या टाळ्या संपल्या नव्हत्या. टाळ्या काही रेशनवर मिळत नाहीत, एकाला दिल्या म्हणून दुसऱ्याला कमी पडायला.

त्या खेळाडूंचं पुढे काय झालं, यावर बरंच लिहिलं-बोललं गेलं. मायदेशी परतल्यावर त्यांना शिक्षा झाल्या अशा बातम्या वर्षानुवर्षं येत राहिल्या. तिथल्या छावणीतून सुटून आलेल्या कांग चोल-ह्वान यांनी आपल्या आठवणींत, चिलीविरुद्ध गोल करणारा पाक सुंग-जिन छावणीत असल्याचं लिहिलं आहे. डॅनियल गॉर्डन या ब्रिटिश दिग्दर्शकाने प्याँगयांगला जाऊन या संघावर माहितीपट केला, तो २००२ साली आला. त्यात खेळाडूंनी आपला गौरवच झाल्याचं सांगितलं. पण त्या देशात कॅमेऱ्यापुढे बसलेला माणूस दुसरं काय सांगू शकला असता, असंही मनात येतं. पाक दू-इक मात्र २००८ साली ऑलिंपिकची मशाल प्याँगयांगला आली तेव्हा ती हाती घेऊन धावला.

त्याच २००२ सालच्या दोन गोष्टी सांगून थांबतो. जूनमध्ये दक्षिण कोरियात विश्वचषकाचा सामना होता, समोर पुन्हा इटली. दक्षिण कोरियाच्या प्रेक्षकांनी हातातले फलक जुळवून प्रचंड अक्षरांत लिहिलं होतं : ‘पुन्हा १९६६’. दोन्ही कोरियांमध्ये सीमेवर काटेरी तारा, दोन्हीकडे बंदुका रोखलेल्या. तरी दक्षिणेच्या पोरांनी उत्तरेच्या विजयाची आठवण आपली मानली. आणि इटली पुन्हा हरली, २-१.

दुसरी गोष्ट ऑक्टोबरमधली. त्या जुन्या संघातले हयात खेळाडू छत्तीस वर्षांनी मिडल्सब्रोला आले. एअरसम पार्क तोवर पाडून झालं होतं, तिथे घरं उभी राहिली होती. पण पाक दू-इकने जिथून तो फटका मारला, त्या जागी बुटाच्या ठशाची कांस्याची खूण बसवलेली होती. केस पिकलेले ते खेळाडू क्लबच्या नव्या मैदानावर आले तेव्हा लोकांनी उभं राहून त्यांचं स्वागत केलं. १९६६ साली बापाच्या खांद्यावर बसून सामना पाहिलेली पोरं आता स्वतः पन्नाशीकडे झुकली असतील.

माझ्या बाकावरचा तो मुलगा आज कुठे आहे मला माहीत नाही. भेटला तर त्याला मी ही हकिकत सांगेन. त्या रात्री आमचा मोहल्ला भारताच्याच बाजूने होता, हे त्याला पुन्हा सांगायला मला कमीपणा वाटणार नाही. पण एवढंही म्हणेन की, गड्या, तू मला विचारायला हवं होतंस ते वेगळंच. कपिलदेवने झेल घेतला तेव्हा तुम्ही किती जोरात ओरडलात, हे विचारायला हवं होतंस. मग मी तुला सांगितलं असतं आणि तूही मला तुमच्या आळीतलं सांगितलं असतंस.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)