शाईतला बांबू

आमच्या हरिहरेश्वरकडे कळकाचं बेट म्हणजे मांडव, शिडी आणि कुंपण यांची सोय. चीनमधल्या विद्वानांनी हाच बांबू नुसत्या काळ्या शाईने रेशमावर आणि कागदावर उतरवला.

अकराव्या शतकात वन तुंग या अधिकाऱ्याने ही रीत नावारूपाला आणली. त्याचा स्नेही, कवी सू शी याचं सांगणं असं, की बांबू आधी मनात पुरता उगवावा, मगच कुंचला उचलावा. शाईची रेघ पुसता येत नाही ना! अक्षरं लिहायची ती त्याच कुंचल्याने. म्हणून पेरं आणि पानंही अक्षरांसारखी एका दमात उतरत.

१०७९च्या आरंभी वन तुंग वारला. सातव्या महिन्यात चित्रांना ऊन दाखवताना मित्राचा बांबू हाती आला आणि सू शीला रडू कोसळलं. त्याच महिन्याच्या अखेरीस, कवितांतून राज्यकारभारावर टीका केली म्हणून त्याला अटक झाली, पुढे हद्दपारी.

मंगोल राजवटीत कुआन ताओशंग या बाईंनी बांबूचित्रांत नाव कमावलं. त्यांचे पती चाओ मंगफू पदच्युत सुंग राजघराण्यातले, तरी मंगोलांच्या चाकरीत गेले. त्याबद्दल लोकांनी त्यांना बोल लावला. तेही उत्तम बांबू काढत.

बांबू वाकतो, मोडत नाही, हे खरंच. पण किती वाकायचं, हे लेखणी धरणाऱ्याला प्रत्येक राजवटीत स्वतःच ठरवावं लागतं.