‘फरी’ : छंद की व्यक्तिगत ओळख?

माणसासारखे बोलणारे, दोन पायांवर चालणारे, माणसाचे रागलोभ असणारे प्राणी पंचतंत्रापासून आजच्या चित्रपटांपर्यंत सर्वत्र आढळतात. अशा मानवरूपी प्राणिपात्रांविषयी विशेष ओढ असणाऱ्या व्यक्तीला इंग्रजीत ‘फरी’ म्हटले जाते. अमेरिकेत उगम पावलेल्या या चाहतावर्गाभोवती गेली काही वर्षे एक वाद घोंघावत आहे. फरी असणे हा निव्वळ छंद आहे की ती माणसाची ओळख आहे? हा वाद आता विधिमंडळांपर्यंत पोहोचला आहे.

उगम आणि विस्तार

विज्ञानकथांच्या संमेलनांत आणि कॉमिक्सच्या चाहत्यांत १९८०च्या सुमारास प्राणिपात्रे रेखाटणाऱ्यांचे गट तयार होऊ लागले. जानेवारी १९८९मध्ये कॅलिफोर्नियातील कोस्टा मेसा येथे ‘कॉनफ्युरन्स’ नावाचे पहिले स्वतंत्र फरी संमेलन भरले. त्याला अवघे ६५ जण उपस्थित होते. जर्मनीत १९९५मध्ये ‘युरोफरेन्स’ सुरू झाले, तर १९९७मध्ये सुरू झालेले ‘अँथ्रोकॉन’ २००६पासून पिट्सबर्ग शहरात भरते. आज तेथे हजारो लोक येतात आणि वेशधाऱ्यांची मिरवणूक पाहण्यासाठी शहरवासीय रस्त्याच्या दुतर्फा उभे राहतात.

छंदाची बाजू

बहुतेक फरींनी स्वतःसाठी एक प्राणिपात्र निर्माण केलेले असते. त्याला ‘फरसोना’ म्हणतात. कोल्हा, लांडगा, मांजर, ड्रॅगन अशा रूपातील या पात्राला नाव, स्वभाव आणि पूर्वेतिहासही असतो. संपूर्ण अंग झाकणारा केसाळ पोशाख, म्हणजेच ‘फरसूट’, ही बाहेरच्यांना दिसणारी ठळक खूण असली, तरी तो बाळगणारे अल्पसंख्यच आहेत. हाताने शिवलेल्या अशा पोशाखासाठी अनेकदा हजारो डॉलर मोजावे लागतात. बहुसंख्य फरी चित्रे काढतात, कथा लिहितात, एकमेकांकडून चित्रे करवून घेतात आणि संमेलनांना जातात. या दृष्टीने पाहिले तर हे सोंग हौसेने घेतलेले असते आणि संमेलन संपताच उतरवलेही जाते.

ओळखीची बाजू

या विषयावरील सर्वाधिक चर्चिला गेलेला शोधनिबंध अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅथलीन गर्बासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८मध्ये ‘सोसायटी अँड अ‍ॅनिमल्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. स्वतःला पूर्णतः माणूस मानता का आणि शक्य झाल्यास माणूसपण सर्वस्वी सोडाल का, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले. उत्तरांवरून फरींचे चार प्रकार कल्पिले गेले. काहींच्या बाबतीत ‘प्रजाती-ओळखीचा विकार’ संभवतो का, असा मुद्दाही मांडला गेला. फिओना प्रोबिन-रॅप्सी यांनी २०११मध्ये त्याच नियतकालिकात या संकल्पनेवर आक्षेप घेतला. लिंगओळखीच्या तत्कालीन वैद्यकीय चौकटीचे साम्य गृहीत धरून नवा विकार सुचवणे सदोष आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

पुढील काळात गर्बासी, कोर्टनी प्लांट, स्टीफन रेसेन आणि शॅरन रॉबर्ट्स यांच्या संशोधनगटाने अनेक वर्षे सर्वेक्षणे केली. बहुसंख्य फरी स्वतःला माणूसच मानतात, हे त्यांतून पुढे आले. आपण अंतर्यामी एखादा प्राणी आहोत, असे मानणाऱ्यांना ‘थेरियन’ म्हणतात. काही व्यक्ती दोन्हींत मोडतात, पण हे दोन गट एक नव्हेत.

मधला मार्ग

चाहत्यांच्या मानसशास्त्रात दोन नात्यांत फरक केला जातो. एक नाते आवडीच्या विषयाशी असते, तर दुसरे ती आवड असणाऱ्या इतर माणसांशी. पहिले नाते छंदाच्या जवळचे, तर दुसरे समूहओळखीच्या जवळचे. फरींमध्ये हे दुसरे नाते विशेष महत्त्वाचे ठरते, कारण त्यांच्यापैकी अनेकांनी शालेय वयात छळ आणि टिंगल सोसलेली असते, असे याच सर्वेक्षणांत आढळले. त्यांत समलिंगी, उभयलिंगी आणि ट्रान्सजेंडर व्यक्तींचे प्रमाणही मोठे आहे. अशांना चित्रातला कोल्हा हे निमित्त असते. लाभतो तो आपल्याला ओळखणारा गोतावळा. म्हणूनच एकाच संमेलनात एकासाठी फरी असणे रविवारचा विरंगुळा असतो, तर दुसऱ्यासाठी आयुष्याचा आधार.

वादाची किंमत

गैरसमजांचे परिणाम मात्र गंभीर आहेत. शिकागोजवळ डिसेंबर २०१४मध्ये ‘मिडवेस्ट फरफेस्ट’ संमेलनाच्या हॉटेलात क्लोरीन वायू पसरून १९ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. हे कृत्य हेतुपुरस्सर असावे, या दिशेने पोलिसांनी तपास केला.

शाळकरी ‘फरीं’साठी वर्गात मांजरांच्या शौचाची वाळूपात्रे ठेवली जातात, ही अफवा २०२२मध्ये अमेरिकाभर पसरली. नेब्रास्काचे लोकप्रतिनिधी ब्रूस बॉस्टेलमन यांनी ती सभागृहात मांडली आणि नंतर क्षमा मागितली. कोलोरॅडोतील जेफरसन परगण्याच्या काही वर्गांत अशी वाळू खरोखरच ठेवलेली होती. पण ती शाळेत गोळीबार झाल्यास वर्गात अडकून पडणाऱ्या मुलांच्या सोयीसाठी होती. याच परगण्यातील कोलंबाइन शाळेत १९९९मध्ये हत्याकांड घडले होते.

तरीही २०२४मध्ये ओक्लाहोमात अशा विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर काढण्याचे आणि पालक न आल्यास प्राणी-नियंत्रण विभागाला पाचारण करण्याचे विधेयक आले. टेक्सासमध्ये २०२५मध्ये शाळेतील प्राण्यांसारख्या वर्तनावर बंदीचे विधेयक मांडले गेले. दोन्हींचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

फरी असणे हा छंद की ओळख, याचे उत्तर व्यक्तीगणिक बदलते आणि ते देण्याचा अधिकार प्रथम त्या व्यक्तीचाच आहे. मात्र ते काहीही असले, तरी प्राण्याचे कान लावून शाळेत आलेले मूल हे मूलच असते, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.