खाट नाही, म्हणून कोठडी

२०१४च्या नोव्हेंबरात इंग्लंडमधल्या टॉर्की इथे १६ वर्षांची एक मुलगी दोन दिवस पोलीस कोठडीत होती. ती मनाने आजारी होती, पण तिच्यासाठी देशभरात रुग्णालयाची खाट मिळत नव्हती. एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने हे ट्विटरवर उघड केले, गदारोळ झाला आणि काही तासांत खाट सापडली.

इंग्लंडच्या कायद्याने आजारी माणसाला ताब्यात घ्यायचा अधिकार पोलिसांना फार पूर्वीच दिला. त्याला नेऊन ठेवायचे कुठे, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. १८९०च्या कायद्यानुसार शिपाई त्याला वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधारांना राबवून घेणाऱ्या सरकारी आश्रयगृहात, तीन दिवस ठेवू शकत असे. १९५९च्या कायद्यात कलम १३६ आले. सार्वजनिक ठिकाणी कुणी मनोरुग्ण वाटला आणि त्याला तातडीने मदत हवी असली, तर पोलिसांनी त्याला ‘सुरक्षित जागी’ न्यावे. मुदत ७२ तास. या जागांच्या यादीत रुग्णालय होते, तसे पोलीस ठाणेही होते. १९८३च्या नव्या कायद्यातही ते राहिले.

इथेच घात झाला. माणूस दारू प्यायलेला आहे, आक्रमक आहे, कर्मचारी कमी आहेत, अशा कारणांनी रुग्णालये नकार देत. पोलीस ठाण्याला नाही म्हणायची सोय नव्हती. २०११-१२ या एका वर्षात ९ हजारांहून अधिक माणसे या कलमाखाली कोठडीत गेली.

कोठडीत आजार बळावतो. २००४च्या डिसेंबरात बर्मिंगहॅममध्ये एक रुग्ण तीन दिवसांहून अधिक काळ कोठडीत राहिला. तो ओरडत होता, भिंतीवर डोके आपटत होता. २०१२मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ही वागणूक मानहानीकारक ठरवली.

२०१७मध्ये इंग्लंडने मुदत २४ तासांवर आणली आणि १८ वर्षांखालील मुलांना कोठडीत ठेवण्यास बंदी घातली. प्रौढांसाठी अपवादात्मक परिस्थितीत कोठडी शिल्लक राहिली.

इंग्रजी राजवटीने १९१२च्या कायद्यातून भारतीय पोलिसांनाही असाच अधिकार दिला होता. स्वतंत्र भारताच्या २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने कलम १००मध्ये अशा माणसाला कोणत्याही परिस्थितीत पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवायला मनाई केली. ब्रिटिश संसदेत पोलीस कोठडी ‘सुरक्षित जागां’च्या यादीतून पूर्ण वगळण्याचा प्रस्ताव आला तो २०२४च्या नोव्हेंबरात.