कर्णा : तारप्यापासून डिजिटल पियानोपर्यंत

प्रस्तुत टिपणात पालघर व बोईसर-तारापूर परिसरातील सार्वजनिक वादनाच्या संदर्भात ‘कर्णा’ या शब्दाचा आणि त्या अनुषंगाने वाद्याचा नाद वाढविण्याच्या साधनांचा संक्षेपाने विचार करावयाचा आहे. ‘कर्णा’चा संबंध संस्कृत ‘कर्ण’ शब्दाशी जोडण्याचा मोह होतो. तथापि तुतारीवाचक फारसी ‘करनाय’ हेच त्याचे मूळ होय. पुढे ध्वनिक्षेपकाच्या पसरट तोंडासही कर्णा म्हणण्याचा प्रघात पडला. मूळ अर्थी कर्णा हे स्वतःच वाद्य. नव्या अर्थी तो वाद्याबाहेरचे उपकरण. या अर्थांतरात एक महत्त्वाची गोष्ट दृष्टीआड झाली.

ती गोष्ट वारली समाजाच्या तारप्यात स्पष्ट दिसते. वाळलेला दुधी भोपळा, त्यास जोडलेल्या बांबूच्या नळ्या आणि टोकाशी ताडाच्या पानांचा कर्णा, अशी या वाद्याची घडण आहे. नळीतील लहानशी जिभळी हवा फार थोडी हलवू शकते. क्रमाक्रमाने रुंदावत जाणारा कर्णा तेच स्पंदन मोकळ्या हवेच्या हवाली करतो. येथे कर्णा हे वाद्याचेच अंग आहे. वादक मध्यभागी आणि नर्तक त्याच्याभोवती फेर धरून असल्यामुळे नाद कोठून येतो याविषयी कोणासही संदेह राहत नाही.

पियानोचे तत्त्वही याहून फारसे भिन्न नाही. इ. स. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्स येथे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने हे वाद्य सिद्ध केले. हातोडीने छेडलेली तार एकटी क्षीण वाजते. तिच्याखालील रुंद लाकडी फळी नाद सभागृहात पोहोचविते. डिजिटल पियानोत मात्र तार नाही आणि फळीही नाही. नादाची नोंद वा गणित तेवढे आत साठविलेले असते. राइस व केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडलेल्या हलत्या वेटोळ्याच्या ध्वनिक्षेपकाचे वंशजच त्यास नाद देतात. म्हणजे येथे ध्वनिक्षेपक हाच वाद्याचा देह होय.

बोईसर-तारापूरसारख्या ठिकाणी हा विचार केवळ तात्त्विक राहत नाही. १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीजकेंद्र कार्यान्वित झाले. औद्योगिक वसाहतही वाढली आणि नाना प्रांतांचे लोक येथे स्थायिक झाले. अशा संमिश्र वस्तीच्या स्नेहसंमेलनात भाषण, भजन आणि पियानो एकाच कर्ण्यातून ऐकविण्याकडे ओढा असणे स्वाभाविक आहे. परंतु भाषणाचा कर्णा पियानोस पुरत नाही. ८८ पट्ट्यांच्या पियानोचे मूळ स्वर दर सेकंदास २७.५ पासून ४१८६ आंदोलनांपर्यंत पसरलेले असतात. सर्वांत खालच्या स्वराची तरंगलांबी सुमारे साडेबारा मीटर भरते; लहान कर्णा ती पेलू शकत नाही. वरच्या उपस्वरांवरून कान चाल ओळखतो खरा, पण स्वराचे वजन हरपते. गिटारसाठी घडविलेला ध्वनिवर्धकही योग्य नव्हे. तो उंच आंदोलने दाबतो व नादात आपला रंग मिसळतो.

सबब खर्ज व तार दोन्ही निर्विकारपणे देणारा, सर्व सप्तकांचा ध्वनिक्षेपक निवडणे इष्ट. शक्ती दुप्पट केल्याने नाद केवळ ३ डेसिबेलने वाढतो. दुप्पट मोठा वाटण्यास सुमारे दसपट शक्ती लागते. म्हणून वॉटच्या आकड्यावर भाळू नये. मात्र जोरकस आघाताच्या क्षणी नाद फाटू नये इतकी शक्ती हाताशी असावी. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झाले की नाद सुमारे ६ डेसिबेलने उतरतो. मागच्या रांगांसाठी पुढच्या श्रोत्यांचे कान बधिर करण्यापेक्षा दूरवर दुसरा ध्वनिक्षेपक ठेवणे श्रेयस्कर. त्याचा नाद किंचित विलंबाने सोडावा, म्हणजे पुढून येणाऱ्या नादाशी त्याचा मेळ राहील. मुख्य ध्वनिक्षेपक वादकाच्या निकट असावा. नाद त्याच्या हातून येत आहे असे वाटले पाहिजे.

यंत्र विकत घेताना ‘आवाज किती मोठा?’ हा प्रश्न आपण प्रथम विचारतो. तारपा घडविणाऱ्या कारागिराचा कर्णा मात्र त्याच वाद्यासाठी घडलेला असतो. डिजिटल पियानोचा कर्णा निवडणाऱ्यानेही आपण वाद्याचा उरलेला अर्धा भाग घडवीत आहो, हे ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.