बनावट शिक्क्याचा नवा अवतार

राज्यकारभार जितका जुना, तितकीच त्याच्या नावाने होणारी बनवाबनवी जुनी. खोटी सनद, बनावट शिक्का, तोतया अंमलदार ही सारी अधिकारपदावरील विश्वासाचीच सावली होय. बँकेच्या नावाने येणारा फसवा ई-मेल हा या परंपरेतील अलीकडचा दुवा आहे.

या प्रकारास 'फिशिंग' हे नाव १९९० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत मिळाले. 'अमेरिका ऑनलाइन' या सेवेचे कर्मचारी असल्याची बतावणी करून सदस्यांचे पासवर्ड काढून घेतले जात. यामागील अर्थशास्त्र सोपे आहे. पत्रे धाडण्याचा खर्च जवळजवळ शून्य असल्याने हजारांत एक जरी गळाला लागला, तरी धंदा फायद्यात राहतो.

आपल्याकडे २००५ मध्ये 'नॅसकॉम'च्या नावाने ई-मेल पाठवून लोकांची माहिती गोळा केल्याचे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापुढे आले. त्या वेळी फिशिंगसाठी स्वतंत्र कलम नव्हते. तरीही न्यायालयाने हे कृत्य बेकायदा मानले. पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६-सी व ६६-डी आली आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून ती अमलात आली. दुसऱ्याच्या पासवर्डचा अप्रामाणिक वापर आणि संगणकाद्वारे तोतयेगिरी करून केलेली फसवणूक यांस तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद झाली.

तथापि, शिक्षा झाली म्हणून गेलेला पैसा परत येतोच असे नाही. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाची जबाबदारी मर्यादित केली. परंतु गोपनीय तपशील ग्राहकाने स्वतःच दिला असल्यास, बँकेस कळवेपर्यंतचे नुकसान त्याच्याच माथी ठेवले. म्हणूनच पत्राची पारख महत्त्वाची ठरते.

ही पारख कशी करावी? पाठवणाऱ्याचे दिसणारे नाव व बोधचिन्ह यांस पुरावा मानू नये. दोन्ही सहज नकलता येतात. संकेतस्थळाच्या पत्त्यात पहिल्या तिरप्या रेघेपूर्वीचा शेवटचा भाग पाहावा. बँकेचे नाव आरंभी असणे पुरेसे नाही. रिझर्व्ह बँकेने भारतीय बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' हा राखीव पत्ता ठरवून ३१ ऑक्टोबर २०२५ ही स्थलांतराची मुदत दिली. एका अर्थी हा नवा राजशिक्काच होय. तरीही ई-मेलमधील दुवा दाबण्याऐवजी पत्ता स्वतः टंकित करणे श्रेयस्कर. पिन, पासवर्ड वा ओटीपी मागणारे पत्र बँकेचे नसतेच. चूक घडलीच, तर संकोच न करता तत्काळ बँकेस आणि १९३० या क्रमांकावर कळवावे.

शेवटी आम्हा प्रशासकांविषयी एक शब्द. 'चोवीस तासांत पूर्तता न केल्यास खाते गोठवण्यात येईल' ही भामट्याची भाषा त्याला कोठे सापडली? ती आमच्याच नोटिशींतली आहे. कारण न सांगता धाक घालणाऱ्या पत्रांनी आपण नागरिकांस निमूटपणे आज्ञा पाळण्याची सवय लावली आणि त्या सवयीवरच भामटा जगतो. आपली खरी पत्रे सौम्य, सकारण आणि पडताळणीस वाव देणारी झाली, तर खोटे पत्र आपोआप वेगळे दिसू लागेल. शिक्का बदलला, आता मजकूरही बदलावयास हवा.