‘मुरूम लागेपर्यंत खणा’

* ढाणकीच्या (ता. उमरखेड) शिवारातली जमीन काळी, भारी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. उथळ पाया मग दरसाल वर-खाली होतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. भूकंपात भिंत आधी तिथेच उकलते. शिवाय मऊ थरात शिरल्यावर भूकंपलहरींचा वेग घटतो आणि हेलकावा वाढतो. म्हणून पाया मुरमात टेकवून जोत्याला सलग लोखंडी सळयांची काँक्रीट पट्टी हवीच. १९६४ च्या भूकंपात जपानमधल्या निगाता शहरात पाण्याने भरलेली सैल वाळू पातळ होऊन अख्ख्या इमारती कलंडल्या. चिकण काळ्या मातीत ते भय फार कमी. मात्र नुसत्या पायावर भिस्त ठेवू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरची वजनदार माळवदे कोसळून हजारो माणसे गाडली गेली. उमरखेडशेजारच्या हिंगोली जिल्ह्यातही २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आहेत. — संपा.